उपाशी माणसांची साखर

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण शेवटी सगळे हसले आणि हसण्याच्या नादात नेमकं हेच विसरले. मी पहिल्यापासून सांगत होते, "मी कोणाला काही दिलेलं नाही, वाटेत कोणीतरी देतंय." लॅबवाला हसला. ड्रायव्हर हसला. डॉक्टरीण बिचारी हसली नाही, पण तिनेही मान दुसरीकडे फिरवली. चौथी शिकलेली बाई, भात शिजवते, तिचं कोण ऐकणार.

ते शेवटी येईल. मधलं पण सांगते, कारण आमच्या केंद्रात किस्से दाराबाहेरच्या चपलांसारखे साठायचे. सकाळी बाजूला लावून ठेवा, दुपारी परत ढीग.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नाही. ठाणे जिल्हा तुटून पालघर झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजने तलासरीच्या पुढे, आमच्या गावात, गवताची एक जुनी वखार भाड्याने घेतली. चुना मारला, दोन खोल्या काढल्या, फ्रीज आणला, पाटी लावली. स्वयंपाक, झाडलोट आणि आलेल्या माणसांना रांगेत बसवणं, ही माझी कामं. त्यातलं रांगेचं काम मला शोभायचं. माझा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत जातो. वळणावर आमचं घर आहे, म्हणून माहीत.

* * *

डॉक्टर वैदेही आली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. नाशिकची पोर, चष्मा, सव्वीस-सत्तावीसचं वय. पहिल्याच दिवशी माझी सासू तिला बघायला आली. आमची म्हातारी कोणाकडे जात नाही, पण नवीन माणूस आलं की तिला राहवत नाही.

"तू डॉक्टर हायेस का नाय?" म्हातारीने उभ्याउभ्याच विचारलं.

"आहे, आजी. एमबीबीएस झालं. आता एमडी आणि पीएचडी दोन्ही एकत्र करतेय. थोडी वर्षं हॉस्पिटल, मग संशोधन इथे, मग परत हॉस्पिटल."

"डॉक्टर हायेस तर अजून शाळा कशाला?"

वैदेहीने तिला खाटेवर बसवलं आणि नीट समजावलं. डॉक्टरला जे माहीत असतं त्यावर तो औषध देतो. संशोधन करणाऱ्याला जे अजून कोणालाच माहीत नाही ते शोधायला शिकावं लागतं. तिला दोन्ही यायला हवं आहे, म्हणून दोन डिग्र्या.

म्हातारी ऐकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला गळू झालेल्या एका माणसाला धरून घेऊन आली आणि वैदेहीसमोर बसवला.

"हे माहीत हाय ना तुला?"

वैदेहीने गळू कापलं, पट्टी बांधली. त्या दिवसापासून म्हातारी गावात सांगत सुटली, "शिकते हाय अजून. पण हात चांगला हाय."

* * *

वैदेहीचे मुंबईचे गाइड, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. रक्त घेण्याआधी परवानगीचा कागद अख्खा वाचून दाखवायचा, समजावायचा, माणसाला पटलं तरच सुई काढायची. एकही ओळ गाळायची नाही.

वरच्या पाड्यावरचा रावजीबाबा आला होता. काटकुळा, पण ताठ. कानामागे हात धरून तो सगळं ऐकत होता. वैदेही सावकाश वाचत होती. शेवटी आलं, "तुम्ही या अभ्यासातून कधीही, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकता."

रावजीबाबा उठला आणि त्याने काठी घेतली.

"बाबा, कुठे निघालात?"

"भायेर."

"का? माझं काही चुकलं का?"

"कारण द्यायचं नाय ना?"

आणि गेला. लॅबवाल्या परेशने कपाळाला हात लावला. वैदेहीने मात्र सरांना फोन करून सांगितलं, "सर, कागद एका माणसाला तरी पूर्ण समजला."

गंमत पुढे आहे. दोन महिन्यांनी, पावसाआधी, रावजीबाबा आपणहून सकाळी सकाळी हजर. बाकावर बसला, हात पुढे केला. वैदेही इतकी खूश झाली की विचारल्याशिवाय राहवेना.

"बाबा, तेव्हा निघून गेलात, आज कसे आलात?"

"कारण द्यायचं नाय ना?"

* * *

वैदेहीला प्रत्येक घराचं झाड काढायचं होतं. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि कोणाच्या आईला, कोणाच्या सासऱ्याला कसला आजार होता ते बाजूला. कॉलेजात तिला हे शिकवलं होतं. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासू-सासऱ्याचं तर नाहीच, हे कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यातले कागद बघण्यासारखे होते. चौकोनात लिहिलेलं, "चंदूचा बाप." दुसऱ्या चौकोनात, "आमच्यातले ते." गोलात, "थोरली." परेश म्हणाला, "मॅडम, अख्ख्या गावात दोनच माणसं राहतात. ते आणि थोरली."

पण वैदेही डोक्याने चालते. तिने बायकांना जोडीजोडीने बसवलं. हिने तिच्या नवऱ्याचं नाव सांगायचं, तिने हिच्या. झाडं भराभर भरायला लागली, वर बायकांची करमणूक झाली ती वेगळीच. एकमेकींच्या नवऱ्यांचे आजार सांगताना कोणी काही हातचं राखलं नाही.

मग ती माझ्याकडे आली.

"मावशी, तुमच्या सासूबाईंचं नाव?"

"मी घेत नाही."

"नुसतं हळू सांगा. माझ्या कानात."

"नाही म्हटलं ना. तिलाच विचार."

"मग तुम्ही त्यांना हाक कशी मारता?"

"मी मारत नाही. तीच मारते."

मी सरपंचाला भर ग्रामसभेत खाली बसवलं आहे. रेशनवाल्याचा काटा उचलून रस्त्यावर आणला आहे. पण सासूचं नाव माझ्या ओठावर कधी आलं नाही. लग्नात आईने सांगितलेल्या गोष्टींपैकी ही एवढी एकच मी पाळली. आता लिहितानाही हात तसाच वळतो, म्हणून मी म्हातारी म्हणते. तुम्ही समजून घ्या.

* * *

वर्षातून एकदा वैदेहीला मुंबईला कमिटीपुढे उभं राहावं लागायचं. चार मोठे डॉक्टर बसतात, वर्षभर काय केलंस ते विचारतात. त्यांनी मान हलवली तर पुढचं वर्ष. नाही हलवली तर पीएचडी तिथेच संपली, गुपचूप परत जाऊन नुसती एमडी करायची. तिच्याबरोबरच्या पोरी दवाखाने टाकून बसल्या होत्या. नाशिकहून वडिलांचा फोन यायचा, "दोन डिग्र्यांचं भूत उतरलं की कळव." आवाज एवढा मोठा की स्वयंपाकघरात मला ऐकू यायचा.

एकदा मी विचारलं, "कशाला एवढा त्रास घेतेस?"

तेव्हा तिने मामाचं सांगितलं. मामा काटकुळा, दिवसभर राबणारा. साखरेचा आजार जाड्या, बसून खाणाऱ्या माणसांना होतो असं सगळे धरून चालले, डॉक्टरसुद्धा. म्हणून त्याची साखर कोणी तपासलीच नाही. पाय कापायची वेळ आली तेव्हा कळलं. तिला तेच शोधायचं होतं. आमच्यासारख्या वाळक्या, राबणाऱ्या माणसांत हा आजार लपून बसतो का, आणि बसत असेल तर आधी कसा ओळखायचा.

त्या दिवसानंतर तिच्या डब्यात मी तूप जास्त घालायला लागले.

सरांनी तिला सांगितलं होतं, कमिटीपुढे बोलायच्या आधी जे डॉक्टर नाहीत त्यांच्यापुढे बोल. म्हणून एका दुपारी केंद्राच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी, आमची म्हातारी, जीपचा ड्रायव्हर दिनेश आणि सावलीला आलेल्या दोन शेळ्या. वैदेही लॅपटॉप लावून उभी राहिली. रेघा दाखवल्या, ठिपके दाखवले. एकच रेघ दोनदा दाखवली. म्हातारीचे डोळे मिटलेले.

"काही प्रश्न?" वैदेहीने विचारलं.

दिनेश गुजरातच्या हद्दीवरच्या झाई गावचा, त्याच्या बोलण्यात अर्धी गुजराती. तो म्हणाला, "बेन, जेवण कधी?"

"मावशी, तुम्हाला कळलं का?"

"सगळं कळलं. तू घाबरतेस कशाला, तेवढं नाही कळलं."

म्हातारीने डोळे न उघडताच सांगितलं, "पास होईल ती. मी बघते."

* * *

आणि मग गर्दी सुरू झाली.

डहाणूच्या बाजूला याच कॉलेजचं दुसरं केंद्र होतं. तिथला डॉक्टर सकाळभर माश्या मारत बसायचा. उपाशीपोटी रक्त द्यायला कोण येतं? रात्री जेवलं की सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, मग डोंगरातून चालत यायचं, वर सुई टोचून घ्यायची. पण आमच्याकडे सूर्य वर यायच्या आत बाक भरलेले. म्हातारे यायचे, लेकुरवाळ्या यायच्या. हसतखेळत यायचे. मोठे सर फोनवर म्हणाले, "वैदेही, लोकांचा विश्वास कमावलास तू. हे शिकवून येत नाही."

पोरगी दिवसभर जमिनीवर नव्हती.

पंधरा दिवसांनी परेशने आकडे तिच्यापुढे ठेवले आणि ती जमिनीवर आली. उपाशी माणसाच्या रक्तात साखर कमी असायला हवी. आमच्याकडे काड्यांसारखी माणसं, आणि साखर लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखी. एकाची नाही, जवळजवळ सगळ्यांची.

आधी सर म्हणाले, खरं असेल तर मोठा शोध आहे. मग म्हणाले, इतकं मोठं असेल तर बहुतेक खरं नाही. दुसरं मशीन आलं. तेही तेच सांगायला लागलं. वैदेहीने प्रत्येकाला दोनदा विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं, प्यायलं?" प्रत्येकाचं उत्तर एकच, "उपाशी हाय, बाय." सगळ्यांचं एकसारखं, शाळेत पाढे म्हणावेत तसं.

सरांनी स्पष्ट सांगितलं. कारण सापडत नाही तोवर हे आकडे कमिटीपुढे टिकणार नाहीत, आणि आकडे टिकले नाहीत तर वर्ष गेलं, कदाचित पीएचडीही गेली.

तेव्हा परेश बोलला. माझ्यासमोरच बोलला. "स्वयंपाकघर रांगेला लागून आहे. मावशीला कोणाचं वाळलेलं तोंड बघवत नाही. तीच देत असणार."

मी म्हटलं, "बघवत नाही हे खरं. तुझं तर मुळीच बघवत नाही. पण मी दाणासुद्धा दिलेला नाही. वाटेत कोणीतरी देतंय."

"मग इतकी माणसं एकसारखं खोटं बोलतात?"

"बोलत असतील."

कोणाला पटलं नाही. स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. माझ्या हाताने सारवलेलं स्वयंपाकघर, आणि सकाळी मी बाहेर उभी. आठवडाभर कुलूप राहिलं. साखर तशीच. मला वाटलं, आता तरी परेश माफी मागेल. तो म्हणाला, "म्हणजे पदराखालून देते."

मी त्या दिवशी ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकवलं, "सापडू दे तो. चारचौघांत नाव घेऊन सांगीन. कोणी का असेना."

वैदेही हळूच म्हणाली, "मावशी, मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाहीये." पण किल्ली तिने परत दिली नाही.

* * *

माझा संशय दिनेशवर. लांबच्या पाड्यांवरची माणसं तोच जीपमधून आणायचा, आणि सीटखाली त्याची एक पिशवी असायची. हात लावू द्यायचा नाही.

घरी येऊन मी म्हातारीला सांगितलं. तिला माझ्यापेक्षा जास्त राग आला. "आमच्या डॉक्टरणीचं काम बिघडवतो? तू गेटावर बस. वळणावर मी लक्ष ठेवते. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सुटायचा नाय."

खरंच ती पहाटेपासून अंगणात बसायला लागली. मी दुपारी विचारायचे, "कोणी काही देताना दिसलं?"

"कोणी नाय. मी होते ना तिथं."

मला बरं वाटायचं. निदान घरात तरी कोणीतरी माझ्या बाजूने आहे. बाकी घरात नुसता वैताग होता. गूळ टिकेना. आज ढेप आणली की पाहता पाहता तळाला. नवऱ्याला धरलं, तर तो म्हणाला मी गोड खातच नाही. मुंग्यांनी नेला म्हणावा तर मुंग्या दिसेनात.

एका सकाळी दिनेशची जीप गेटात शिरली आणि तो उतरायच्या आत मी दार उघडून पिशवी ओढली. माणसं बघत होती, परेश बघत होता. मी पिशवी सगळ्यांपुढे बाकावर उलटी केली.

आत स्टीलचा डबा. डब्यात तळलेले बोंबील आणि दोन पाव.

"कमळाबेन, हळू बोल," दिनेश काकुळतीला आला. "बायकोने माझ्या नावाने गुरुवार धरले आहेत. घरी नुसती साबुदाण्याची खिचडी. हे मी चारोटीच्या नाक्यावरून आणतो आणि एकटाच खातो. देवाशप्पथ कोणाला एक तुकडा दिला नाही. मला स्वतःला पुरत नाही."

ते मात्र खरं वाटलं. उपाशी माणसांच्या त्या अख्ख्या जीपमध्ये पोटभर खाल्लेला एकच माणूस होता, आणि त्याचं रक्त कोणी घेत नव्हतं.

* * *

आता शेवटचं.

कमिटी जवळ आली होती. वैदेहीने बॅग भरायला काढली होती, आणि ती मुंबईला जाण्यासाठी भरतेय की नाशिकला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. मी, हिंमत नव्हती म्हणते, यावरून समजा.

मोठे सर कोणाला न सांगता आले. आदल्या दिवशी डहाणूला मुक्काम केला, सकाळच्या पहिल्या एसटीने फाट्यावर उतरले आणि चालत निघाले. सर म्हणजे अंगाने आमच्यातलेच. वाळके, उन्हाने रापलेले, साधा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. गेटावर मी ओळखलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी ओठावर बोट ठेवलं. गुपचूप रांगेत जाऊन बसले. नंबर आल्यावर परेशपुढे बोट धरलं.

परेश उभाच राहिला. "सर, तुम्ही?"

"माझं राहू दे. साखर बघ."

"सर, उपाशी आहात ना?"

"उपाशी आहे."

परेशने टोचलं, मशीन बघितलं, परत बघितलं. वैदेहीला हाक मारली. दोघांचे चेहरे पडले. वैदेही घाबरत म्हणाली, "सर, तुम्ही... तुमची साखर बरीच वाढली आहे. कधीपासून त्रास आहे?"

"अर्ध्या तासापासून," सर म्हणाले. "दोन कप गुळाचा चहा झालाय. वर नाचणीची भाकरी."

"पण तुम्ही उपाशी म्हणालात."

"मला तसंच सांगायला सांगितलंय."

मग त्यांनी बाकावर बसून सगळं सांगितलं. फाट्यावरून चालत येत होते. वळणावरच्या घराच्या अंगणात एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, चूल पेटलेली, आणि बाजूला रक्त द्यायला निघालेली पाचसहा माणसं चहा पीत होती. बाईंनी त्यांनाही हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "बस बाबा. रगत काढणार तुझं. कोऱ्या पोटी जाशील तर भोवळ येऊन पडशील. मग लोक म्हणणार, डॉक्टरणीने पाडला. उद्या कोण येईल तिच्याकडं? मला तिला पास करायची हाय. पी."

सरांनी सांगितलं, बाई, उपाशी जायचं असतं. तर त्या म्हणाल्या, "ते मला माहीत हाय. ती विचारील, उपाशी हायेस का. हो म्हणायचं. पोरीला बरं वाटतं."

दिनेश घाईघाईने जीपची काच पुसायला लागला, कारण वळणावर जीप तोही रोज थांबवायचा. रांगेतली माणसं जमिनीकडे बघत होती. रावजीबाबाने तर काठी शोधायला घेतली.

वैदेही स्टुलावर बसली. मला वाटलं रडतेय. चष्मा काढला तर हसत होती, आणि डोळ्यातून पाणीही येत होतं. "सर, म्हणजे माझी सगळी गर्दी चहाची होती."

"चहाची होती," सर म्हणाले. "आता बघू तुझी किती आहे." मग त्यांनी आवाज बदलला. "हे आकडे टाकून दे. पुन्हा सुरुवात कर. चहा बंद करायचा नाही. रक्त दिल्यावर द्यायचा, आणि इथे, आपल्या ओट्यावर. कमिटीला हे तूच सांगायचं, मी नाही. आकडे मोठे होते, नाव झालं असतं, तरी तू ते खरे मानून पुढे गेली नाहीस. खोदत बसलीस. शिकायचं ते एवढंच असतं, बाकी टायपिंग."

पुढचं थोडक्यात सांगते. कमिटीने तिला वेळ वाढवून दिला. चहा आधीचा नंतर झाला, तरी माणसं यायची थांबली नाहीत. खऱ्या उपाशी रक्तात साखर बहुतेकांची चांगली निघाली. थोड्यांची नाही. त्यात रावजीबाबा होता. त्याची गोळी वेळेवर सुरू झाली, आणि तो अजून दोन्ही पायांवर डोंगर चढतो. वैदेही २०१९ साली दोन्ही बाजूंनी डॉक्टर झाली. वडील नाशिकहून पेढे घेऊन आमच्या वखारीत आले, आणि बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान होता.

पण त्या सकाळचं राहिलं.

सर म्हणाले, "आता एक लिहावं लागेल. पहिले आकडे का टाकले आणि कोणामुळे. वळणावरचं घर कोणाचं आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. परेशने खिशातून स्वयंपाकघराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही चारचौघांत नाव घेऊन सांगणार होता ना?"

तेवढ्यात गेटातून हाक आली. "ओ पाव्हणं, पिशवी इसरलात." आमची म्हातारी. एका हातात सरांची कापडी पिशवी, दुसऱ्या हातात किटली. ती ओट्यापाशी आली, आणि सगळे असे उभे का, म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. शेवटी माझ्याकडे.

इतक्या वर्षांत मी जे केलं नव्हतं, ते मला तिच्या तोंडासमोर करायचं होतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, तिच्या डोळ्यात बघितलं, आणि वळणापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं,

"जिवलीबाय."